विमानातले हादरे खरंच वाढलेत का? एका शास्त्रज्ञाच्या वीसेक वर्षांच्या कामातून मिळणारं उत्तर

२१ मे २०२४. लंडनहून सिंगापूरला निघालेलं एसक्यू ३२१ हे विमान म्यानमारच्या इरावदी खोऱ्यावर होतं. उंची ३७ हजार फूट, आत २११ प्रवासी आणि १८ कर्मचारी. पुढच्या काही सेकंदांत काय झालं त्याचे व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिले असतील. छताचे पॅनल लोंबकळताहेत, ऑक्सिजन मास्क खाली आलेत, फरशीभर खाणं सांडलंय. ७३ वर्षांच्या एका ब्रिटिश प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेकांच्या मणक्याला आणि डोक्याला मार बसला. विमान बँकॉकला उतरवावं लागलं.

त्या दिवशी प्रत्येक बातमीत एक आकडा होता: विमान सहा हजार फूट खाली कोसळलं. हा आकडा आला होता फ्लाइट ट्रॅकिंगच्या वेबसाइटवरून. विमानं आपली जागा, उंची आणि वेग रेडिओवरून सतत जाहीर करत असतात. तो डेटा कुणालाही पकडता येतो. ग्राफमध्ये ३७ हजारांवरून ३१ हजारांवर जाणारी एक रेष दिसली आणि सगळ्यांनी तिलाच 'कोसळणं' म्हटलं.

आठवडाभरानं सिंगापूरच्या तपास यंत्रणेचा प्राथमिक अहवाल आला. त्यात विमानाच्या रेकॉर्डरचा डेटा होता, आणि गोष्ट वेगळीच निघाली. ३१ हजारांपर्यंतचा तो उतार धक्क्यानंतर पंधरा मिनिटं उलटून गेल्यावर वैमानिकांनी स्वतः, अगदी शिस्तीत केलेला होता. मूळ धक्क्यात विमान खाली गेलं ते फक्त १७८ फूट, ४.६ सेकंदांत. पण जीव घेणारा आकडा तिसराच होता. त्यातल्या पहिल्या अवघ्या ०.६ सेकंदांत विमानातला जी-फोर्स अधिक १.३५ वरून उणे १.५ वर गेला होता. उणे जी म्हणजे ज्याने पट्टा लावलेला नाही तो माणूस थेट छताकडे फेकला जातो. पुढच्या चार सेकंदांत तो परत अधिक १.५ वर, म्हणजे तोच माणूस छतावरून खाली आपटतो.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे टर्ब्युलन्सच्या बातम्यांमध्ये नेमकं हेच होतं. दिसायला सोपा आकडा व्हायरल होतो आणि खरा आकडा अहवालाच्या आतल्या पानावर राहतो. 'हवामान बदलामुळे विमानप्रवास धोकादायक झालाय' या वाक्याचंही तेच झालंय. ते पूर्ण खोटं नाही, आणि जसं फॉरवर्ड होतं तसं खरंही नाही. या वाक्यामागे ज्याचं सगळ्यात जास्त काम आहे तो माणूस म्हणजे इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातले वातावरणशास्त्राचे प्राध्यापक पॉल विल्यम्स. त्यांचे पेपर मी गेले काही महिने सवडीनं वाचतोय. मी हवामानतज्ज्ञ नाही, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण या कामाचा मोठा भाग कोड आणि डेटाच आहे, त्यामुळे आपल्यालाही शिरकाव करता येतो.

फिरती टाकी

विल्यम्स यांचं शिक्षण ऑक्सफर्डचं. पीएचडीच्या काळात त्यांच्याकडे विमान नव्हतं, उपग्रह नव्हता. होती एक पाण्याची टाकी. गोल फिरत्या मेजावर ठेवलेली, आत एकावर एक तरंगणारे दोन द्रव. टाकी एका वेगानं फिरते, वरचं झाकण वेगळ्या वेगानं. त्यामुळे वरचा थर खालच्या थरापेक्षा वेगात सरकतो आणि दोघांच्या मधल्या पृष्ठभागावर मोठ्या, संथ लाटा उठतात. पृथ्वीच्या वातावरणाचं हे घरगुती मॉडेल म्हणा. मोठ्या लाटा म्हणजे आपल्या डोक्यावरचे जेट स्ट्रीमचे वळसे.

पण या मोठ्या लाटांवर बारीक, झपाट्यानं बदलणाऱ्या लाटाही दिसायच्या. त्या कुठून येतात? कुणी बाहेरून धक्का देत नाही, तळाला डोंगर नाही. २००५ मध्ये विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लाटा कशा तयार होतात त्यावर पेपर लिहिला. त्याचा सूर असा की मोठा, शांत, 'संतुलित' दिसणारा प्रवाह स्वतःहूनच असल्या लाटा बाहेर टाकतो.

यात एक गंमत आहे. शांत प्रवाहातून लाटा कशा सुटतात याचं गणित जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्येच मांडलं होतं, पण वेगळ्याच कामासाठी: जेट इंजिनाचा आवाज नेमका कुठून येतो हे शोधायला. पुढे रूपर्ट फोर्ड यांनी ते गणित फिरत्या द्रवांपर्यंत नेलं. २००८ मध्ये जॉन नॉक्स, डोनाल्ड मॅक्कॅन आणि विल्यम्स या तिघांनी त्यातून विमानांच्या टर्ब्युलन्सचा अंदाज देणारा एक अल्गोरिदम तयार केला. २०१५ पासून अमेरिकेच्या सरकारी विमान-हवामान केंद्राच्या रोजच्या अंदाजात तो वापरला जातो. इंजिनाच्या आवाजाचं गणित, त्यातून टाकीतल्या लाटांचं उत्तर, त्यातून विमानाचा सीटबेल्ट साइन. संशोधनाला पैसे देणारे लोक 'याचा उपयोग काय' असं पहिल्याच दिवशी विचारतात तेव्हा मला हल्ली ही साखळी आठवते.

बेडूकउडीतली दोन ओळींची दुरुस्ती

हा भाग कोड लिहिणाऱ्यांसाठी. बाकीच्यांनी उडी मारून पुढे गेलात तरी चालेल. गंमत म्हणजे विषयही उडीचाच आहे.

हवामानाचं मॉडेल काळात टप्प्याटप्प्यानं पुढे सरकतं. यासाठी अनेक वर्षं एक लोकप्रिय पद्धत होती, नाव 'लीपफ्रॉग', म्हणजे बेडूकउडी. पुढची किंमत काढायची तर आत्ताच्या क्षणी बदल किती वेगानं होतोय ते पाहायचं, पण उडी मारायची ती मागच्या टप्प्यावरून, आत्ताच्याला ओलांडून. कोड छोटा, मेमरी कमी, अचूकता चांगली. अडचण एकच. सम टप्पे आणि विषम टप्पे अशा दोन वेगळ्या साखळ्या तयार होतात आणि हळूहळू एकमेकींपासून सुटतात. मॉडेलचं उत्तर खाली-वर, खाली-वर नाचायला लागतं. हा नाच हवेत नाही, फक्त कोडमध्ये आहे.

त्यावर १९६६ मध्ये रॉबर्ट यांनी आणि १९७२ मध्ये असेलिन यांनी एक फिल्टर दिला: प्रत्येक टप्प्यानंतर मधली किंमत शेजारच्या दोघांच्या सरासरीकडे किंचित ओढायची. नाच थांबतो. पण त्याबरोबर खऱ्या लाटांचाही थोडा जीव जातो. वर्गातला गोंधळ थांबवायला सरांनी सगळ्यांनाच तोंडावर बोट ठेवायला सांगावं, त्यात उत्तर देणाराही गप्प बसावा, तसं काहीसं. तरीही चाळीसएक वर्षं जगभर हा फिल्टर चालू होता.

२००९ मध्ये विल्यम्स यांनी सुचवलेली दुरुस्ती अशी: मधली किंमत जितकी एका बाजूला ओढता, जवळपास तितकीच पुढची किंमत उलट बाजूला ढकला. म्हणजे तिघांची सरासरी जवळपास जागच्या जागी राहते, नाच थांबतो आणि खरी लाट वाचते. जुन्या कोडमध्ये हे बसवायला एक-दोन ओळी पुरतात. आज ती 'रॉबर्ट-असेलिन-विल्यम्स फिल्टर' नावानं ओळखली जाते आणि अनेक मॉडेलांत गेली आहे.

एवढ्याशा गोष्टीचं कौतुक का? अर्ध्या तासाची एक उडी धरली तर १०० वर्षांच्या हवामानासाठी साडेसतरा लाख उड्या होतात. प्रत्येक उडीत चिमूटभर चूक राहिली तर शेवटी काय उरेल याचा विचार करा. शंभर वर्षांनंतरचं भाकीत करणाऱ्या माणसानं आधी कित्येक वर्षं उडी कशी मारायची यावर डोकं लावलंय, हे कळल्यावर माझा त्या आकड्यांवरचा विश्वास वाढला. यूट्यूबवर या कामाचा व्हिडिओ कुणी करणार नाही.

वेग नाही, वेगातला फरक

आता मूळ प्रश्न. ढग नसलेल्या, निळ्याशार आकाशात विमान का हादरतं?

अमेरिकेला मुलीकडे जायची तयारी करताना माझ्या मावशीनं मला विचारलं होतं, "काय रे, ते एअर पॉकेट लागतं म्हणजे खाली हवाच नसते का?" मी म्हटलं, "मावशी, हवा सगळीकडे असते गं. पॉकेट-बिकेट काही नसतं. थर असतात." मग टेबलावरचा पत्त्यांचा कॅट घेऊन दाखवलं. कॅटवर तळवा ठेवून पुढे ढकललं की वरचा पत्ता सगळ्यात पुढे जातो, खालचा जागेवर राहतो, मधले तिरके पसरतात. वारा उंचीनुसार असाच वेगवेगळ्या वेगानं वाहतो. या फरकाला शिअर म्हणतात. थोडा फरक असेल तर थर एकमेकांवरून गुमान घसरतात. फरक फार झाला की त्यांच्या सीमेवर लाटा उठतात, लाटा फुटतात आणि भोवरे तयार होतात. समुद्रावर वाऱ्यानं लाट फुटते तशीच, फक्त ही दिसत नाही. विमानाचं हवामान रडार पाण्याच्या थेंबांवरून परत येणारा सिग्नल वाचतं. कोरड्या हवेत थेंबच नाहीत, मग त्याला दिसणार काय? म्हणून याला 'क्लिअर एअर टर्ब्युलन्स' म्हणतात आणि म्हणून तो सीटबेल्टची खूण पेटायच्या आधीच गाठतो.

जेट स्ट्रीम हा या शिअरचा मोठा कारखाना. साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी हवेची नदी. फेब्रुवारी २०२० मध्ये एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, ते या नदीच्या पाठबळावर. जेट स्ट्रीम तयार होते उष्ण विषुववृत्त आणि थंड ध्रुव यांच्या तापमानातल्या फरकामुळे. फरक जितका जास्त, तितका वर जाताना वारा जास्त झपाट्यानं वाढतो.

आता यात हवामान बदल टाका. जमिनीलगत ध्रुवाकडचा भाग विषुववृत्तापेक्षा जास्त वेगानं तापतोय, म्हणजे फरक कमी होतोय. पण विमानं उडतात त्या उंचीवर उलटं आहे. तिथे उष्ण कटिबंधातली हवा तापतेय आणि ध्रुवाकडे त्याच उंचीवर आधीच स्थितांबर सुरू झालेलं असतं, ते थंड होतंय. म्हणजे वर फरक वाढतोय. खाली कमी, वर जास्त. मग जेट स्ट्रीमचा वेग वाढला की घटला?

बरीच वर्षं संशोधक हाच प्रश्न विचारत होते आणि उत्तर 'फारसं काही नाही' असं यायचं. २०१९ मध्ये सायमन ली, विल्यम्स आणि थॉमस फ्रेम यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की प्रश्नच चुकीच्या आकड्याला विचारला जातोय. वाऱ्याचा वेग म्हणजे खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या वाढींची बेरीज. खालच्या थरांतल्या वाढी लहान झाल्या आणि वरच्या मोठ्या, तर बेरीज तीच राहते. पण विमानाला बेरजेशी काय देणंघेणं? विमान ज्या थरातून जातं तिथली वाढ महत्त्वाची. ती मोजली तेव्हा उत्तर अटलांटिकवर, विमानांच्या उंचीवर, १९७९ पासून शिअर १५ टक्के वाढलेला निघाला. मॉनिटरिंगचं काम केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. सरासरी रिस्पॉन्स टाइम सपाट, डॅशबोर्ड हिरवा, आणि तरी युजर ओरडतोय, कारण आतला एक टप्पा मंद झालाय आणि दुसरा वेगवान.

मला विचाराल तर या सगळ्या संशोधनातला हा सगळ्यात सुंदर पेपर आहे. पहिलं नाव ली यांचं, जे तेव्हा रेडिंगमध्येच पीएचडी करत होते.

मग टर्ब्युलन्स किती वाढला?

विल्यम्स यांनी हा विषय गाजवला तो २०१३ मध्ये, ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या मनोज जोशी यांच्यासोबत. (आडनाव वाचून तुमच्या मनात जे आलं ते माझ्याही आलं.) त्यांनी टर्ब्युलन्स ओळखायची २१ वेगवेगळी सूत्रं घेतली, हवामानाच्या मॉडेलात कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला आणि हिवाळ्यातल्या उत्तर अटलांटिकवर काय होतं ते पाहिलं. मध्यम किंवा त्याहून जोरदार टर्ब्युलन्स ४० ते १७० टक्क्यांनी जास्त वेळा येईल, असं उत्तर आलं. २०१७ मध्ये विल्यम्स यांनी प्रकारांनुसार आकडे काढले: हलका ५९ टक्के, मध्यम ९४ टक्के, तीव्र १४९ टक्के वाढ. त्याच वर्षी जगभराचा अभ्यास आला. २०५० ते २०८० या काळात हिवाळ्यातला तीव्र टर्ब्युलन्स उत्तर अटलांटिकवर सुमारे १८० टक्के, युरोपवर १६०, उत्तर अमेरिकेवर ११० आणि आशियावर ६० टक्क्यांच्या आसपास वाढेल.

हे सगळं भविष्याचं. टीका करणाऱ्यांचा प्रश्न रास्त होता: आत्तापर्यंत काय झालं ते दाखवा. ते २०२३ मध्ये दाखवलं. पहिले लेखक मार्क प्रॉसर, हेही पीएचडीचे विद्यार्थी. त्यांनी वापरला 'रीॲनालिसिस' डेटा. म्हणजे जुनी निरीक्षणं, फुगे, उपग्रह, विमानं, सगळं एका मॉडेलात घालून गेल्या काही दशकांचं वातावरण तासातासाला पुन्हा उभं करायचं. यातला एक प्रसिद्ध संच, ईआरए५, बनवणाऱ्या युरोपियन केंद्राचं मुख्यालयही रेडिंगमध्येच आहे आणि तो डेटा तुम्हालाही फुकट मिळतो. मी उतरवून पाहिलाय. रांगेत थांबावं लागतं, फाइल जड असतात, पण एकदा हातात आल्यावर शिअर काढायला पायथॉनच्या चार-पाच ओळी लागतात.

प्रॉसर यांच्या पेपरमधला आकडा तुम्ही बातम्यांत वाचला असेल: उत्तर अटलांटिकवर तीव्र टर्ब्युलन्स १९७९ ते २०२० मध्ये ५५ टक्क्यांनी वाढला. हेडलाइन इथे संपते. पुढचं वाक्य मी देतो. त्या महासागरावरच्या सरासरी एका जागी वर्षभरात तीव्र टर्ब्युलन्स असायचा १७.७ तास, तो झाला २७.४ तास. वर्षात तास किती? ८,७६०. म्हणजे ०.२ टक्के वेळेवरून ०.३ टक्के वेळेवर.

दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला ऐकून तुम्ही तिकीट रद्द कराल, दुसरा ऐकून खांदे उडवाल, आणि दोन्ही चूक ठरेल. प्रवासी म्हणून तुमच्या एका फ्लाइटचा धोका अजूनही फारच कमी आहे. पण धोका फक्त तुमचा मोजायचा नसतो. अमेरिकेत २००९ ते २०२२ या काळात टर्ब्युलन्समुळे १६३ जण गंभीर जखमी झाले. त्यातले १२९ केबिन क्रू होते. तुम्ही वर्षात दोनदा उडता, त्या मुली आणि मुलगे महिन्यात कित्येकदा, आणि तुम्ही पट्टा लावून बसलेले असता तेव्हा ते गरम चहाची ट्रॉली ढकलत उभे असतात. ५५ टक्के हा आकडा त्यांचा आहे. त्यांच्या ड्युटीच्या नियमांत, चहा-जेवण कधी द्यायचं या वेळापत्रकात तो शिरायला हवा. मला वाटतं चर्चा तिथे व्हायला हवी. आपण मात्र 'विमान पडेल का' याच प्रश्नावर अडकलोय.

विमान पडेल का? १९६६ मध्ये जपानच्या माउंट फुजीजवळ डोंगरामागच्या हवेच्या लाटांत सापडून एक बोइंग ७०७ हवेतच तुटलं होतं, १२४ जण गेले. म्हणजे कधीच झालं नाही असं नाही. पण आजची विमानं आणि आजचे अंदाज त्या काळचे नाहीत, आणि इजा होते ती जवळपास नेहमी आतल्या, पट्टा न लावलेल्या माणसाला.

या कामाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. विमानाला हादरवणारे भोवरे साधारण शंभर मीटर ते एखाद किलोमीटरचे. ईआरए५ ची एक चौकट सुमारे ३१ किलोमीटरची. म्हणजे भोवरा डेटात दिसतच नाही, तो तयार होण्याजोगी परिस्थिती दिसते. म्हणून तर एका सूत्रावर न विसंबता वीसेक सूत्रं वापरतात. २०२५ मध्ये रेडिंगच्याच जोआना मेडेयरोस यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या अभ्यासात २६ मॉडेलं एकत्र पाहिली गेली. शतकाच्या अखेरीपर्यंत विमानांच्या उंचीवरचा शिअर १६ ते २७ टक्के वाढेल आणि थरांची स्थिरता १० ते २० टक्के घटेल, असं त्यात आलं. हा दुसरा भाग नवा आणि महत्त्वाचा. पत्त्यांच्या कॅटवर वजन ठेवलं तर तो सहज पसरत नाही, स्थिरता म्हणजे ते वजन. इथे ढकलणं वाढतंय आणि वजनही कमी होतंय.

आणि आपल्याकडे?

इथे जरा थांबून दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण बातम्यांत त्यांची खिचडी होते. १ मे २०२२ ला मुंबईहून दुर्गापूरला गेलेल्या विमानात उतरताना जबर हादरे बसले, डझनाहून जास्त माणसं जखमी झाली, त्यातला एक प्रवासी काही महिन्यांनी गेला. २१ मे २०२५ ला दिल्ली–श्रीनगर विमान गारपिटीत सापडलं, नाक चेपलेल्या अवस्थेत श्रीनगरला उतरलं. दोन्ही घटना वादळी ढगांच्या. एसक्यू ३२१ च्या प्राथमिक अहवालातही विमान वाढत्या ढगांच्या भागावरून जात असावं असं म्हटलंय. म्हणजे ज्या व्हिडिओवर 'हवामान बदल आणि क्लिअर एअर टर्ब्युलन्स'ची चर्चा सुरू झाली तो बहुधा त्या प्रकारात बसतच नाही. ढगांचा टर्ब्युलन्स वेगळा, त्याचं शास्त्र वेगळं आणि रडारला तो बऱ्याच अंशी दिसतो. वर दिलेले टक्के त्याला लावू नका.

आपल्याशी थेट संबंध येतो तो दोन ठिकाणी. हिवाळ्यात उत्तर भारतावरून उपोष्ण जेट स्ट्रीम वाहते, त्यामुळे जानेवारीत पुण्याहून दिल्लीला जाताना शेवटच्या टप्प्यात स्वच्छ आकाशात गचके बसले तर कारण हे असू शकतं. आणि मुंबई–लंडन, मुंबई–न्यूयॉर्क हे मार्ग ज्या भागांवरून जातात, मध्यपूर्व, युरोप, उत्तर अटलांटिक, तिथे २०२३ च्या अभ्यासात वाढ दिसलीय. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेली आपल्यातली किती मुलं वर्षातून एकदा याच वाटेनं घरी येतात! हिवाळ्यात, नाताळच्या सुट्टीत, म्हणजे नेमकी जेट स्ट्रीम जोरात असताना.

यात काम करायची इच्छा असेल तर रेडिंगलाच जायला हवं असं नाही. पुण्यात पाषाणला आयआयटीएम आहे. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालासाठीच्या जागतिक प्रयोगांत सामील झालेलं भारताचं पहिलं पृथ्वी-प्रणाली मॉडेल तिथलंच. बेडूकउडीसारखे प्रश्न तिथेही रोजचे आहेत. इंजिनिअरिंगच्या मुलांना कॅम्पस प्लेसमेंटमध्ये हे कुणी सांगत नाही.

खिशातलं यंत्र

शेवटी एक करून पाहण्याजोगी गोष्ट. तुमच्या फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर आहेच. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं बनवलेलं 'फायफॉक्स' नावाचं मोफत ॲप घ्या. त्याला इंटरनेट लागत नाही, फ्लाइट मोडमध्ये चालतं. विमान वर स्थिरावल्यावर फोन ट्रे टेबलवर सपाट ठेवा, गुरुत्वाकर्षणासहित प्रवेग मोजणारा प्रयोग उघडा आणि झेड अक्ष पाहा. शांत हवेत रेष ९.८ च्या आसपास राहते. साधारण पट्टी अशी की रेष ५ ते १० एककांनी खाली-वर उडाली तर मध्यम टर्ब्युलन्स, त्याच्या वर गेली तर तीव्र. बहुतेक वेळा तुम्हाला एक-दोन एककांची थरथर दिसेल आणि शेजारचा माणूस मात्र हातवाल्याला घट्ट धरून बसलेला असेल. हादरे खरंच वाढायला लागले तर प्रयोग सोडा, फोन खिशात टाका.

हा आकडा तुमच्या विमानाचा, तुमच्या सीटचा. तेवढ्याच हवेत लहान विमान जास्त उडतं, मोठं कमी, आणि शेपटाकडच्या रांगा पंखांजवळच्यांपेक्षा जास्त हलतात. म्हणून विमान कंपन्या जी-फोर्स न पाठवता 'ईडीआर' नावाचं माप पाठवतात, ज्यात विमानाचा आकार वजा करून फक्त हवा किती खवळलीय ते उरतं. आयएटीए या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या 'टर्ब्युलन्स अवेअर' या सेवेत विमानं हे माप आपोआप पाठवतात आणि मागून येणाऱ्या विमानाला ते लगेच मिळतं. पुढच्या वाहनचालकानं खड्डा पाहून मागच्याला हात करावा, तशीच ही सोय.